‘कृपया थांबा’ची खिडकी बंदच होत नाही: खातेउताऱ्याच्या पडद्यावरील एका दोषाचा अभ्यास

एका पतसंस्थेसाठी आम्ही सांभाळत असलेल्या विंडोज डेस्कटॉप प्रणालीत खातेउतारा उघडताना मधोमध एक लहान खिडकी येते. तिच्यावर ‘कृपया थांबा, माहिती घेत आहोत’ अशी ओळ असते, शेजारी एक चाक फिरत असते आणि सर्व्हरवरून नोंदी आल्या की ती आपोआप निघून जाते. निदान तिने तसे करणे अपेक्षित आहे. ज्या प्रकरणाविषयी हे टिपण आहे त्यात ही खिडकी अधूनमधून जागच्या जागी राहू लागली. तिला बंद करण्याची फुली आम्हीच काढून टाकलेली होती आणि ती समोर असेपर्यंत मागच्या पडद्यावर क्लिक करता येत नसे, त्यामुळे काउंटरवरील कर्मचाऱ्यांपुढे टास्क मॅनेजरमधून संपूर्ण प्रणाली मारण्यावाचून मार्ग उरत नसे. प्रणाली अशी मारली की त्या कर्मचाऱ्याची ‘लॉगिन चालू’ ही नोंद डेटाबेसमध्ये तशीच राहते आणि शाखाधिकाऱ्यांनी ती मोकळी करून दिल्याशिवाय त्याला पुन्हा आत जाता येत नाही. एका अडकलेल्या खिडकीमागे काउंटरसमोरची रांग अशी थांबत होती.

तक्रार आली ती संस्थेचा सर्व्हर बदलल्यानंतरच्या आठवड्यात. जुन्या यंत्रातील फिरत्या हार्ड डिस्कऐवजी नव्यात एसएसडी आली होती आणि एरवीचे सगळे व्यवहार लक्षात येण्याइतके जलद झाले होते. आमच्या बाजूने पहिले उत्तर गेले ते ठरलेले: नेटवर्कची केबल तपासा, स्विच बदलून पाहा, अँटीव्हायरसमधून आमच्या फोल्डरला वगळा. यात दोन दिवस गेले आणि काहीही निष्पन्न झाले नाही. आमच्या कार्यालयात तर दोष एकदाही दिसेना. त्याचे कारण नंतर कळले. आम्ही चाचणीसाठी दूरच्या डेटाबेसला व्हीपीएनमधून जोडलेलो होतो, त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक उतारा सावकाशच येत होता आणि या दोषाला नेमका तो सावकाशपणाच झाकून टाकत होता.

प्रकरणाला दिशा मिळाली ती तेथील एका ज्येष्ठ लिपिक बाईंमुळे. फोनवर त्यांनी सांगितले, “साहेब, जुन्या मोठ्या खात्याला काही होत नाही. नवीन खातं, दोन-चार नोंदींचं, उघडलं की चाक फिरतच राहतं. सकाळी पहिल्यांदा तर हमखास.” आणि मग थोड्या संकोचाने त्या पुढे म्हणाल्या, “मी अल्ट आणि एफ-फोर दाबते. खिडकी जाते आणि उतारा मागे तयारच असतो.” फुली काढली तरी अल्ट-एफ4 चालू राहते, याचा आम्हाला विसर पडला होता. त्यांच्या या दोन वाक्यांत निदानाचा मोठा भाग होता. उतारा मागे तयार असतो, याचा अर्थ सर्व्हरने काम केले, माहिती आली, आणि राहिले ते फक्त खिडकीला ‘आता जा’ असे सांगणे. लहान खात्यालाच अडकते, याचा अर्थ काम लवकर संपणे हीच अडचण आहे.

दुसरी गोष्ट आम्ही दूरस्थ जोडणीवरून स्वतः पाहिली: खिडकी अडकलेली असताना चाक फिरत होते. अशा प्रकरणात सर्वांत आधी पाहावी अशी खूण हीच, असे माझे मत आहे, कारण ती दोन अगदी वेगळ्या आजारांना एका क्षणात वेगळे करते. विंडोजमध्ये पडदा रंगवणे, क्लिक स्वीकारणे आणि खिडकी बंद करणे ही कामे एकाच थ्रेडवर (म्हणजे प्रणालीतील कामाच्या एका सलग धाग्यावर), संदेशांच्या रांगेतून एकेक संदेश उचलून होतात. तो थ्रेड दुसऱ्या कामात गुंतून पडला तर चाक थिजते, आणि साधारण 5 सेकंद रांगेतला संदेश उचलला गेला नाही की विंडोज शीर्षकपट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे लिहून मोकळे होते. येथे तसे काहीच होत नव्हते. थ्रेड मोकळा होता, संदेश उचलत होता, चाक रंगवत होता, आणि बंद होण्याचा संदेश तेवढा त्याच्याकडे कधी येतच नव्हता.

खात्री करून घेण्यासाठी अडकलेल्या अवस्थेतच टास्क मॅनेजरमधून डंप फाइल, म्हणजे त्या क्षणी प्रणालीच्या स्मृतीत जे होते त्याची नक्कल, काढून मागवली. आमची प्रणाली 32 बिटांची आणि संगणकावरील विंडोज 64 बिटांची असल्यामुळे नेहमीच्या टास्क मॅनेजरने काढलेली पहिली फाइल वाचायला गैरसोयीची निघाली. सिसवाऊ64 या फोल्डरमधला टास्क मॅनेजर उघडून दुसरी काढावी लागली. ती व्हिज्युअल स्टुडिओत उघडल्यावर चित्र स्पष्ट झाले. मुख्य थ्रेडच्या स्टॅकमध्ये, म्हणजे एकातून एक मारलेल्या हाकांच्या यादीत, तळाशी प्रणालीचा मुख्य मेसेज लूप (संदेश उचलत राहणारे चक्र), त्यावर ‘उतारा पाहा’ या बटणाचा क्लिक, त्यावर खिडकी उघडणारी शोडायलॉग ही हाक, आणि सर्वांत वर पुढच्या संदेशाची वाट पाहणारी विंडोजची हाक दिसत होती. नोंदी आणणारा थ्रेड यादीत कुठेच नव्हता. तो आपले काम उरकून केव्हाच संपला होता.

आता कोडकडे वळणे भाग होते. बटण दाबल्यावर घडणारा क्रम असा: खिडकीचा ऑब्जेक्ट तयार करायचा, नोंदी आणणारा वेगळा थ्रेड सुरू करायचा, आणि लगेच पुढच्या ओळीत शोडायलॉग ही हाक मारायची. शोडायलॉगचे वैशिष्ट्य असे की ती खिडकी बंद होईपर्यंत परतत नाही. मधल्या काळात ती स्वतःचा मेसेज लूप चालवते आणि म्हणून चाक फिरू शकते. थ्रेडने नोंदी आणल्या की शेवटच्या ओळीत खिडकीला बंद होण्याचा निरोप द्यायचा, मग शोडायलॉग परतते आणि पुढच्या ओळी उतारा पडद्यावर मांडतात. या रचनेत कामाचा थ्रेड आणि खिडकी यांच्यात एक शर्यत लपलेली आहे. विंडोज फॉर्म्समध्ये (मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधील खिडक्या बनवण्याच्या संचात) खिडकीचा ऑब्जेक्ट तयार झाला म्हणजे खरी खिडकी तयार झाली असे होत नाही. खरी खिडकी, म्हणजे तिचे हँडल (विंडोजने तिला दिलेली ओळख), शोडायलॉगच्या आत जन्माला येते. थ्रेड त्याआधीच काम संपवून आला तर त्याच्यासमोर ज्याला निरोप द्यावा असे काही अस्तित्वातच नसते.

मूळ कोडमध्ये निरोप देण्याची ओळ पाठ्यपुस्तकी होती: इन्व्होकरिक्वायर्ड (हे काम मुख्य थ्रेडमार्फतच करावे लागेल का) विचारायचे, उत्तर ‘हो’ आले तर मुख्य थ्रेडमार्फत बंद करायचे, ‘नाही’ आले तर थेट क्लोज म्हणायचे. पण हँडल नसताना इन्व्होकरिक्वायर्डचे उत्तर ‘नाही’ असेच येते, मग विचारणारा थ्रेड कोणताही असो. हँडल नसलेल्या फॉर्मवर (खिडकीच्या ऑब्जेक्टवर) क्लोज म्हटले की तो थेट डिस्पोज होतो. त्यानंतर मुख्य थ्रेड शोडायलॉगवर येतो आणि त्याला आधीच टाकून दिलेला ऑब्जेक्ट सापडतो, म्हणून प्रणाली ‘डिस्पोज झालेल्या ऑब्जेक्टला हात लावता येत नाही’ अशा अर्थाची चूक दाखवते. काही वर्षांपूर्वी एका शाखेतून अशी चूक क्वचित येत असे. ती घालवण्यासाठी कोणीतरी निरोपाच्या ओळीभोवती एक अट घातली: इजहँडलक्रिएटेड (हँडल तयार आहे का) खरे असेल तरच बिगिनइन्व्होक करून, म्हणजे मुख्य थ्रेडच्या रांगेत निरोप टाकून, खिडकीला संपल्याचे सांगायचे. शेजारी टीप होती, ‘एरर येत होती म्हणून’. या इफला एल्स नव्हता. हँडल नसेल तर काय करायचे याचे उत्तर त्यात ‘काहीच नाही’ असे होते. पूर्वी मोठ्याने ओरडणारा दोष त्या एका ओळीने मुका केला. निरोप गळून पडतो, मग निवांतपणे खिडकी उघडते, आणि तिला बंद करणारा कोणीही शिल्लक नसतो. बदलांच्या इतिहासात ती ओळ कोणी घातली ते पाहिले, तर नाव माझेच निघाले.

दोष मुद्दाम घडवून आणणे आता सोपे होते. थ्रेड सुरू करण्याची ओळ आणि शोडायलॉगची ओळ यांच्यामध्ये आम्ही 2 सेकंदांची सक्तीची विश्रांती घातली. खिडकी दर वेळी अडकली. विश्रांती काढून ती नोंदी आणणाऱ्या थ्रेडमध्ये ठेवली, तर एकदाही अडकली नाही. शर्यतीच्या दोषांत एवढे निर्विवाद प्रात्यक्षिक क्वचितच मिळते. शंका आल्यावर वाट पाहण्याऐवजी संशयित दोन ओळींच्या मध्ये असा खुंटा ठोकून पाहण्याची सवय लावून घ्यावी, अशी शिफारस मी येथे करतो.

बाकीच्या निरीक्षणांची संगतीही यातूनच लागली. काउंटरवरचे संगणक जुने आणि सर्व्हर नवा, म्हणजे खिडकी जन्माला यायला वेळ लागतो आणि नोंदी मात्र क्षणात येतात. शाखाधिकाऱ्यांच्या नव्या संगणकावर दोष जवळजवळ दिसत नसे, कारण तेथे खिडकीच आधी पोहोचत असे. सकाळी पहिल्यांदा हमखास अडकण्याचे कारण डॉटनेटच्या स्वभावात आहे. प्रत्येक कार्यपद्धती पहिल्यांदा वापरताना यंत्रभाषेत उतरवली जाते आणि चाकाचे चित्रही तेव्हाच डिस्कवरून उचलले जाते, त्यामुळे दिवसातली पहिली खिडकी सर्वांत सुस्त असते. जुन्या सर्व्हरची हार्ड डिस्क इतकी वर्षे नकळत आमची बाजू सावरत होती.

त्याच दिवशी शाखांना तात्पुरती दुरुस्ती पाठवली आणि ती एका ओळीची होती. थ्रेड सुरू करण्यापूर्वी मुख्य थ्रेडवरच खिडकीचे हँडल हा गुणधर्म एकदा वाचायचा. तो वाचताक्षणी हँडल तयार होते, अट नेहमी खरी ठरते आणि निरोप रांगेत पडून राहतो. शोडायलॉगचा लूप सुरू झाला की तो उचलला जातो. रांग हलवण्यासाठी एवढे पुरेसे होते. कायमचा उपाय म्हणून हे मला मान्य नव्हते, कारण ती ओळ बघणाऱ्याला निरर्थक वाटते आणि पुढे कोणीतरी ‘साफसफाई’ करताना ती उडवून टाकेल. आमच्यातच आणखी दोन सूचना आल्या होत्या: 30 सेकंदांनी खिडकी आपोआप बंद करणारा टायमर, आणि हँडल तयार होईपर्यंत थ्रेडला घिरट्या घालायला लावणे. टायमरची सूचना मी हट्टाने फेटाळली. काम खरोखरच लांबले असेल तर टायमर अर्धवट उतारा समोर ठेवील, आणि आर्थिक प्रणालीत अर्धवट उतारा हा अडकलेल्या खिडकीपेक्षा वाईट.

हे भय काल्पनिक नव्हते. अल्ट-एफ4 ची युक्ती शाखेत पसरली होती आणि एका कर्मचाऱ्याने काम चालू असतानाच ती वापरली. शोडायलॉग परतली, थ्रेडने तोवर जेवढ्या नोंदी आणल्या होत्या तेवढ्याच मांडल्या गेल्या आणि शेवटच्या महिन्याचे व्यवहार नसलेला उतारा छापला गेला. तो खातेदाराच्या हाती जाण्याआधी लक्षात आला, एवढेच समाधान.

कायमच्या दुरुस्तीत आम्ही निरोपाची दिशा उलटी केली. कामाने खिडकीला शोधत जाण्याऐवजी खिडकीनेच कामाची वाट पाहावी, अशी ही रचना आहे. त्यासाठी असिंक-अवेट (पडदा न अडवता कामाची वाट पाहण्याची सोय) हवे होते, ते डॉटनेट फ्रेमवर्क 4.5 सोबत 2012 मध्ये आले, आणि आमची प्रणाली अजून 3.5 वर होती. कारण एका शाखेत कधीकाळी विंडोज एक्सपी होते आणि एक्सपीवर 4.0 च्या पुढचे फ्रेमवर्क बसत नाही. ते यंत्र भंगारात जाऊन बराच काळ लोटला होता, म्हणून आम्ही थेट 4.8 वर गेलो. नव्या रचनेत काम एक टास्क म्हणून सुरू होते, तो टास्क खिडकीच्या हाती दिला जातो, आणि खिडकी आपल्या शोन (खिडकी पडद्यावर आली) या घटनेत त्या टास्कवर अवेट करते. शोन घडते तेव्हा हँडल असते आणि मेसेज लूप चालू असतो, याची हमी आहे. टास्क त्याआधीच संपला असेल तर अवेट क्षणभरही न थांबता पुढच्या ओळीवर जाते आणि खिडकी तिथल्या तिथे बंद होते. थ्रेडचा निरोप हवेत विरून जाऊ शकत होता, तर संपलेला टास्क संपलेलाच राहतो आणि त्याला केव्हाही विचारले तरी उत्तर तेच येते. शर्यतीत कोण आधी पोहोचले याला महत्त्वच उरले नाही.

बंद करण्याची ओळ आम्ही फायनलीच्या भागात, म्हणजे चूक येवो वा न येवो हमखास चालणाऱ्या भागात, ठेवली. जुन्या कोडमध्ये ती ट्रायच्या आत, कामाच्या ओळींखाली होती. सर्व्हरशी जोडणी तुटली किंवा क्वेरीने ठरलेली मुदत ओलांडली (एसक्यूएल सर्व्हरच्या कमांडला ती मुद्दाम बदलली नाही तर 30 सेकंद असते) की कॅचमध्ये (चूक हाताळणाऱ्या भागात) चूक लॉगला लिहिली जाई आणि बंद करण्याच्या ओळीपर्यंत कोणी पोहोचतच नसे. म्हणजे खिडकी अडकण्याची एक दुसरी, जुनीच वाट तेथे होती. ती आजवर नेटवर्कच्या खात्यावर जमा होत आली होती आणि ‘नेटवर्क तपासा’ हे आमचे ठरलेले उत्तर त्यामुळेच इतके दिवस टिकले. आता चूक झाली तर खिडकी आधी बंद होते आणि मग मुख्य पडद्यावर कारणासह सूचना येते. उतारा मांडायचा की नाही याचा निर्णय खिडकी बंद झाली का यावर घेतला जात नाही. टास्क यशस्वी झाला का, हे पाहून तो घेतला जातो.

याच टप्प्यावर आम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. काम चालू असताना अल्ट-एफ4 चालू नये म्हणून फॉर्मक्लोजिंगमध्ये (खिडकी बंद होण्याच्या आधी घडणाऱ्या घटनेत) अट घातली: बंद होण्याचे कारण ‘यूजरक्लोजिंग’ असेल तर रद्द करा. चाचणीत खिडकी एकदाही बंद होईना, अगदी मोठ्या खात्यालाही नाही. वाचणाऱ्याला नावावरून वाटते की हे कारण माणसाने बंद केले तरच येत असेल, परंतु कोडमधून क्लोज म्हटले तरी विंडोज फॉर्म्स तेच कारण देते. आपणच मारलेली हाक आपलाच पहारेकरी अडवत होता. शेवटी कारण विचारणे सोडून दिले आणि टास्क संपला आहे का एवढेच फॉर्मक्लोजिंगमध्ये पाहिले. संपला असेल तर जाऊ द्यायचे, नसेल तर अडवायचे. सोबत ‘रद्द करा’ हे बटण दिले, जे क्वेरीलाच थांबवते. थांबलेला टास्क संपतो आणि खिडकी नेहमीच्याच वाटेने जाते. बाहेर पडण्याची वाट न देता खिडकीची फुली काढणे ही मुळातली चूक होती, असे मला आता वाटते.

एका सहकाऱ्याने पासबुकाच्या पडद्यावर हीच रचना उतरवताना अवेटऐवजी टास्कचा रिझल्ट थेट वाचला आणि तेथे चाक थिजले. मुख्य थ्रेड टास्कची वाट पाहत उभा, आणि टास्कचा उरलेला भाग मुख्य थ्रेड मोकळा होण्याची वाट पाहत, अशी ती कोंडी. खिडकी न जाण्याचे हे दुसरे प्रसिद्ध कारण आहे, आणि थिजलेल्या चाकामुळे ते पाच मिनिटांत ओळखता आले.

राहता राहिला प्रश्न क्षणभर लुकलुकणाऱ्या खिडकीचा. काम जलद झाल्यामुळे ती दिसायच्या आत जाऊ लागली आणि कर्मचाऱ्यांना पडदा चमकल्यासारखा वाटू लागला. म्हणून काम 400 मिलिसेकंदांत संपले तर खिडकी उघडायचीच नाही, असे ठरवले. तेवढ्या वेळात दुसरा क्लिक होऊ नये म्हणून बटण बंद ठेवले. ही कल्पना नवीन नाही. क्यूटी या संचातील प्रगतीची खिडकी तर मुळातच 4 सेकंदांहून अधिक लागतील असा अंदाज आल्याशिवाय दिसत नाही. काउंटरवर समोर माणूस उभा असताना 4 सेकंद काहीच न दाखवणे मला फार वाटले. विंडोज फॉर्म्सनेही डॉटनेट 9 मध्ये शोडायलॉगअसिंक ही पद्धत प्रायोगिक स्वरूपात आणली आहे, पण आमची प्रणाली जुन्या फ्रेमवर्कवर असल्याने तिचा आम्हाला उपयोग नव्हता. जावाच्या स्विंगमध्ये मोडल (मागच्या पडद्याला अडवून ठेवणाऱ्या) खिडकीवर सेटव्हिजिबल म्हटल्यावरही हाक अशीच अडकून राहते, त्यामुळे तेथे काम करणाऱ्यांनाही ही शर्यत अनोळखी वाटणार नाही.

चाचणीसाठी नोंदी आणणाऱ्या कामात कृत्रिम विलंब घालण्याची सोय ठेवली आणि शून्य, 399, 400, 401 आणि 5000 मिलिसेकंद अशा प्रत्येक विलंबासाठी उतारा पुनःपुन्हा उघडला. मग काम चालू असताना केबल उपटली, सर्व्हरची सेवा थांबवली, ‘रद्द करा’ दाबले, अल्ट-एफ4 दाबले. सीमेवरचे तीन आकडे मुद्दाम निवडले होते, कारण खिडकी उघडावी की नाही हे ठरत असतानाच काम संपले तर काय होते हे आम्हाला पाहायचे होते. खिडकी उघडते, शोन घडते, अवेट लगेच परतते आणि खिडकी जाते. पाहणाऱ्याला फार तर एक चमक दिसते.

संपूर्ण कोडमध्ये इजहँडलक्रिएटेडची तशीच मुकी अट शोधली, तेव्हा ती व्याज आकारणी, दैनिक ठेव आणि ताळेबंदाच्या पडद्यांवरही सापडली, कारण मीच ती नकलून चिकटवत गेलो होतो. तेथेही तीच रचना बसवली. पासबुक छपाईचा पडदा मात्र तूर्त तसाच आहे. तेथे प्रिंटरचा ड्रायव्हर मुख्य थ्रेडवरच बोलावला जातो, कागद अडकला की चाक थिजते आणि ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ची पाटी येते. त्याच्यावर वरील उपायांपैकी एकही लागू पडत नाही, कारण तेथे संदेश उचलणारा थ्रेडच मोकळा नसतो. ड्रायव्हरशी बोलणारा भाग वेगळ्या प्रक्रियेत हलवण्याचे काम पुढच्या आवृत्तीसाठी ठेवले आहे. लिपिक बाईंना तसे कळवले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की तोवर तेथे अल्ट-एफ4 चालेल का. चालणार नाही, असे सांगावे लागले.